कानातली बाई आणि नरसम्माचं दार

बायांनो, आज नातीनं माझ्या कानात मोबाईलची बोंडं कोंबली. म्हणाली, "आजी, ह्यातली बाई सांगंल तसं चाल. जुनी विणकर गल्ली दाखवती."

मला गल्ली दाखवती! सत्तर सालानंतर धा वर्सं मी तितंच सूत रंगवलं. हात कोपरापातूर लाल असायचे.

बाई म्हणाली, "या रंगीत भिंती बघा." भिंती कसल्या? तवा रंग बांबूवर वाळणाऱ्या सुताचा असायचा.

मग म्हणाली, "निळ्या दारापाशी थांबा." माझे पाय आधीच थांबले होते. माझ्या तवाच्या मैत्रिणीचं, नरसम्माचं दार ते. तिच्या पांढऱ्या सुताच्या वरच्या बांबूवर मी ओलं लाल सूत टाकलं होतं. तिचं सगळं सूत गुलाबी झालं. चूक माझी, आन भांडले बी मीच. बोलणं तुटलं ते तुटलंच.

"आता पुढे चला," बाई म्हणाली. मी बोंडं काढली आन कडी वाजवली.

नरसम्मानं डोळे बारीक करून बघितलं. "आलीस व्हय? आधी हात दाव. रंग वाळला का?"

"वाळला की. आता तरी आत घे."

तुमी कुणाच्या दारावरनं गुमान पुढं जाताय, सांगा बरं?