रेहानाचा घुमट आणि बँकॉकची शिखरं

बँकॉकला जायचं ठरलं ते आमच्या स्वयंपाकघरात, सुरमई तळता तळता. तळत होती रेहाना, मी नुसती बाजूला उभी होते. अबुधाबीत आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. ती दापोलीजवळच्या गावची, मी नाशिकची. मुलं एकाच बसने शाळेत गेली आणि आमची मैत्री त्या बसस्टॉपवरच जमली. आता मुलं मोठी झाली आहेत, त्यांचे बाप त्यांना चार दिवस सांभाळतील, हे आम्ही दोघींनीच ठरवून टाकलं. माझ्या मुलाने मोबाइलमधून डोकं वर न काढता परवानगी दिली, "फायनली, मम्मा. जस्ट गो!"

बँकॉक निवडलं मी, आणि त्याला कारण होतं. रेहानाचं गावी घर बांधणं चालू होतं. भिंती उभ्या राहिल्या आणि काम छपरावर अडलं. तिचे सासरे, अब्बा, म्हणत होते कौलं. रेहाना म्हणत होती घुमट, इथल्या व्हिलांवर असतो तसा. दोघांचं बोलणं बंद, गवंडी बसून, आणि पाऊस दोन महिन्यांवर आलेला. तिच्या नवऱ्याने, सलीमने, मला लिफ्टमध्ये गाठलं. "भाभी, तुमचं ऐकते ती. कौलांवर आणा तिला. या पावसाआधी छप्पर झालं नाही तर खलास."

मलाही कोकणात कौलंच बरी वाटत होती. बँकॉकच्या राजवाड्याचा फोटो मी पाहिला होता: खालचं सगळं अंग विलायती, डोक्यावर मात्र अस्सल थाई छप्पर. म्हटलं, हे प्रत्यक्ष पाहिलं की तिचं तिलाच पटेल.

विमानाने सहा तास लागतात. भारतीय पासपोर्टसाठी व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी पाहून घ्या. आम्ही जुन्या शहरात, नदीपासून चालत जाता येईल अशा जागी खोली घेतली. एप्रिलमध्ये तिथे उकाडा असतो. आखातात राहणाऱ्यांना उन्हाचं काय, असं म्हणत निघालो होतो, पण पहिल्याच वळणावर घामाने निथळलो.

पहिल्या दिवशी वाट राचबोफित. वाट म्हणजे बौद्ध मंदिर. इथे गर्दी नसते. मुख्य दालन ठरावीक वेळीच उघडं असतं, म्हणून आधी विचारून जावं. बाहेरून मंदिर अस्सल थाई. भिंतींवर हाताने रंगवलेल्या बारीक फरशा आहेत, लांबून छापील साडी नेसवल्यासारख्या दिसतात. दरवाज्यांवर द्वारपाल कोरलेत ते मात्र विलायती गणवेशातले, बंदुका खांद्यावर घेतलेले. आणि आत पाऊल टाकलं तर एकदम चर्च! टोकदार कमानी, सोनेरी नक्षी, झुंबरं, आणि या सगळ्याच्या मध्ये शांत बसलेला बुद्ध.

रेहाना उंबऱ्याच्या आतबाहेर दोनदा जाऊन आली. मग कानात म्हणाली, "अगो शुभा, बाहेरून माझी सासू, आतून मी!"

मी हसले. मनात म्हटलं, अर्धं काम झालं.

दुसऱ्या दिवशी राजवाडा. तिकीट पाचशे बाथ, म्हणजे पंचावन्न दिरहॅमच्या आसपास. रेहानाने तिथल्या तिथे रुपयांत करून "तेराशे रुपये, आणि तेही उभ्याने बघायचं!" असा शेरा मारला. बायकांनो, एक महत्त्वाचं: कुर्ती आणि लेगिंग्ज हा आपला राष्ट्रीय प्रवासवेष इथे चालत नाही. माझी कुर्ती आखूड, लेगिंग्ज घट्ट. दारावरच्या बाईंनी नम्रपणे हात आडवा केला. रेहाना अबाया, म्हणजे पायघोळ झगा, घालून आधीच आत पोचली होती. ती मागे वळली, पिशवीतून दुसरा अबाया काढला आणि माझ्या डोक्यावरून घातला. "यल्ला, चल. आता दोघी माझ्याच गावच्या."

अशा रीतीने राजवाड्याच्या आवारातल्या मंदिरात मी पाचूच्या बुद्धाचं दर्शन रेहानाच्या अबायात घेतलं.

मंदिराभोवतीच्या लांबच लांब ओवऱ्यांत भिंतभर रामायण रंगवलंय. आपल्याला गोष्ट पाठ असते, म्हणून मी गाइड घेतला नाही आणि ऐटीत रेहानाला समजावू लागले. "हा हिरव्या तोंडाचा राक्षस बघ. आणि हा सोनेरी आहे ना, तो राम." मी सोनेरीला हात जोडलेही.

रेहानाने चित्र जरा वेळ न्याहाळलं. "मग सगळी माकडं हिरव्याच्या पाया का पडतायत?"

पाटी वाचली. हिरवा तो राम, सोनेरी लक्ष्मण. तिथून पुढे मी आवाज खाली केला. रावणही हिरवाच आहे, पण त्याच्या तोंडांची उतरंड पाहून ओळखता येतो. हनुमान पांढराशुभ्र. जवळ जाऊन बघा, चित्रांत परदेश हळूच शिरलेला दिसतो: लांब जाताना लहान होणारे रस्ते, ढगांना सावल्या. एका कोपऱ्यात एक चित्रकार स्टुलावर बसून उडालेला सोनेरी रंग बारीक कुंचल्याने भरत होता. आम्ही त्याच्यामागे बराच वेळ उभ्या राहिलो.

मग वळसा घालून राजवाड्यासमोर आलो. खाली खांब, कमानदार खिडक्या, बाल्कन्या, युरोपातली वाटावी अशी इमारत. वर एकावर एक उतरती थाई छपरं आणि तीन उंच शिखरं. मी तयारीनेच आले होते. "राजाने वर विलायती घुमट ठरवले होते, असं सांगतात. दरबारातली जुनी माणसं म्हणाली, छप्पर आपलंच हवं. राजाने ऐकलं. किती शोभतंय बघ."

रेहाना बघत राहिली. "एकही घुमट नाही मिळाला त्याला?"

"एकही नाही."

"राजा असून?" ती सावलीतल्या कट्ट्यावर बसली. "सलीमने सांगितलं ना तुला? मला इथे आणायला?"

मी हो म्हटलं. तिला राग आलेला नव्हता, तेच अवघड होतं.

"तू आमची पहिली जागा पाहिली नाहीस," ती म्हणाली. "मोठ्या व्हिलात एक खोली. बाकीच्या खोल्यांत पाच कुटुंबं. किचन कॉमन, बाथरूम कॉमन. झैद तान्हा होता, रडला की शेजारचे भिंत ठोकायचे. मी त्याला घेऊन जिन्यात बसायची. जिन्यावर घुमट होता, त्याला निळी काच. दुपारी सगळा उजेड माझ्या मांडीवर यायचा. तेवढी एकच जागा, जिथे मला कोणी काही म्हणत नव्हतं. दिखाव्यासाठी नको मला तो."

बारा वर्षांच्या ओळखीत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं होतं, हिला शेजारणींना दाखवायला घुमट हवा आहे. छपरांचं पुढचं भाषण मी गिळून टाकलं. "हे अब्बांना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं, तुमचा मुलगा मला जिन्यात ठेवत होता?"

"सगळं नको सांगू. पण घुमट कुठे हवाय ते तरी सांग."

जेवायला नदीकाठच्या जुन्या मशिदीमागच्या गल्लीत गेलो. हलाल जेवण स्वस्त आणि सुरेख मिळतं. भात, चिकन, सोबत काकडीची आंबटगोड कोशिंबीर. ताटं यायच्या आत तिने फोन लावला, स्पीकरवर.

"अब्बा, सलाम. कौलं घाला. सगळ्या घरावर घाला. फक्त जिन्यावर माझा घुमट, निळ्या काचेचा."

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट. मग अब्बा, "आपल्याकडचा पाऊस माहीत आहे ना? गळेल तो."

"गळला तर खाली बालदी मी ठेवीन."

"आणि पुसणार कोण?"

"मीच. पण तुम्ही कोणी मला तिथून उठवायचं नाही."

अब्बा "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. रेहानाने माझ्याही ताटातली काकडी संपवली.

परतल्यावर सलीम विमानतळावर घ्यायला आला होता. त्याने गाडीच्या आरशातून माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. मी म्हटलं, "घुमट होतोय, सलीमभाई. जिन्यावर." त्याने "जिन्यावर?" एवढंच विचारलं, आणि आरसा वळवून रेहानाकडे पाहिलं. त्याला तो जिना आठवला असावा.

या सहलीतून काय उरलं, याचा विचार मी अजून करते आहे. फोटो खूप आहेत, राजवाड्याचे तर नको इतके. पण इथल्या रस्त्यावरून जाताना एखाद्या व्हिलाचा घुमट दिसला, की आता मी त्याच्या आतल्या बाजूचा विचार करते. तिथे खाली कोण बसलं असेल, याचा. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. नाशिकला घर बांधलंच, तर मला डोक्यावर काय हवं, हे मी स्वतःला कधी विचारलेलंच नाही.

काल रेहाना सकाळी सकाळी दार वाजवून आत आली आणि फोन माझ्या हातात दिला. गावाहून फोटो आला होता. कौलांसाठी वासे चढलेत, आणि जिन्यावर विटांचं गोल कडं उभं राहिलंय. खाली अब्बांचा निरोप होता:

"काच निळी म्हणालीस. फिकी की गडद?"