आईच्या बियाण्याचा कांदा

कांद्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. पंचवटीच्या भाजीबाजारात वाटणासाठी लाल कांदा घेते, भज्यांसाठी मोठा, आणि भाजीवाल्यानं "मावशी, कोशिंबिरीला न्या" म्हणत पांढरा पुढे केला की नाक मुरडते. कच्चा खायचा कांदा मी विकत घेतच नाही. तो माहेरून येतो, लासलगावच्या पलीकडून, भावाच्या कांदाचाळीतून, दर उन्हाळ्यात एक गोणी.

ते बियाणं आईचं. दिवाळीच्या सुमारास ती चाळीत साठवलेले कांदे निवडायला बसायची. प्रत्येकाचा वरचा भाग कापून चकती जिभेवर ठेवायची. झणका लागला तर कांदा स्वयंपाकघरात. गोडसर लागला तर खालचा भाग मातीत, बियाण्यासाठी. तिची जीभ बधिर झाली की मला हाक मारायची. असा वर्षानुवर्षं निवडलेला तो कांदा बुक्कीनं फोडला तरी डोळ्यांत पाणी यायचं नाही.

आई गेल्यावरही गोणी चुकली नाही. आईचा कांदा म्हणून मी तो शेजारीपाजारी मिरवून वाटायचे.

यंदा वाटलं, गच्चीवर आपणही थोडं बी धरावं. माझ्याकडचे कांदे दसऱ्याआधीच संपले होते, म्हणून भाऊबीजेला गेले तेव्हा भावाकडे लावण्यापुरते मागितले. तो वहिनीकडे बघायला लागला.

"ताई, ते बी कधीच मोडलं," तो म्हणाला. "आई गेली त्या साली लावायचं राह्यलं. आता समदी द्राक्षंच हायेत."

"मग मला येतो तो कुठला?"

"शेजारच्या चाळीतला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? पहिल्याच साली तू फोनवर रडलीस. म्हणालीस, आईच्या कांद्याची चव तश्शीच हाय. पुढं दरसाल तेच म्हणत गेलीस."

वहिनीनं चहा आणला. मी घेतला नाही. सख्ख्या भावानं इतकी वर्षं मला बनवलं, आणि वर ते माझ्याच सुखासाठी! राग आला, फार आला. तोंडावर बोललेही. पण शेजारच्या कांद्याला आईचा म्हणून दरसाल कौल दिला होता तो मीच. आईचा कांदा खरा कसा लागायचा, हे खात्रीनं सांगणारं आता कोणीच उरलेलं नाही.