पदराला गेलेले हात

आमच्या गावातल्या बायकांनी पहिलं मत कसं दिलं, हे कुणी विचारलं की मी विषय बदलते. मग मला राग येतो, आणि रागाच्या मागोमाग अशी लाज वाटते की कानाच्या पाळ्या तापतात. एवढी वर्षं गेली, पण ही लाज काही जुनी होत नाही मेली.

माझं माहेर साताऱ्यातलं, पेठेतलं. गल्लीच्या तोंडाशी हौद होता, घागर बुडवली की झालं. लग्न करून आले ती शिराळ्याच्या बाजूला, वारणाकाठच्या गावात. नदीकाठ म्हटल्यावर आई खूश झाली होती, पोरीला पाण्याची ददात नाही म्हणून. डोंबलाची ददात नाही! नदी खाली, गाव वर, आणि मधे मुरमाचा चढ. पावसाळ्यात घसरायचा, उन्हाळ्यात पाय भाजायचे. वरच्या आळीत आमचं घर, म्हणजे गावात सगळ्यात लांब. पहिल्या महिन्यातच माझी मान अशी धरली की भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि सासूबाई म्हणायच्या, धूर लागला असंल.

घरात मी, माझी थोरली जाऊ, सासू-सासरे आणि आमचे हे. थोरले दीर पलटणीत होते, वर्षातून एकदा यायचे. जाऊबाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी, पण अबोल. तिचं पहिलं मूल त्याच चढावर गेलं होतं. भरल्या घागरीसकट पडली आणि सगळं तिथंच संपलं. आता तिला परत दिवस गेले होते. ती कधी बोलायची नाही, पण चढाला लागली की तिचा एक हात घागरीला आणि दुसरा पोटाला. मला ते बघवायचं नाही. तिची खेप मी करते म्हटलं तर ऐकायची नाही. "तुजी मान धरलीय, तू गप ऱ्हा," म्हणायची.

स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. गावासाठी सरकारातून काही रक्कम आली. एक काम होईल एवढीच. गावात दोन गोष्टी अडून राहिलेल्या: वरच्या आळीला विहीर, आणि पावसात पडलेली तालीम. पूर्वी असं काही आलं की चार जाणते चावडीवर बसून ठरवायचे, आणि बाकीच्यांना काम सुरू झाल्यावर कळायचं. पण या खेपेला रक्कम घेऊन आला तो एक तरुण साहेब, पुण्याकडचा, धुवट टोपीचा. त्यानं दवंडी द्यायला लावली की पैसा गावाचा आहे, तो कुठं घालायचा ते गाव ठरवील, आणि बायकांनीसुद्धा सभेला यायचं.

बायकांनी! नदीवर त्या दिवशी धुणं कमी आणि बोलणं जास्त झालं. एक म्हणाली, आपुन जाऊन काय करायचं? दुसरी म्हणाली, हात वर करायचा म्हनं, तवढं तर येतंय की. आणि सगळ्याजणींचं ठरलं. साहेबानं विहीर म्हटलं की हात वर. जाऊबाई दगडावर लुगडं आपटत होती ती थांबली आणि मला म्हणाली, "व्हईल का गं खरंच?" तिनं असं काही मागितलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, होणार म्हणजे होणार. गावकुसाबाहेरच्या बायकांना सभेचं बोलावणं नव्हतं, आणि तेव्हा ते आम्हा कुणालाही खटकलं नाही. ही आणखी एक लाज.

सभा मारुतीच्या देवळापुढं भरली. पुरुष पारावर आणि खाली, आम्ही मागं देवळाच्या ओसरीवर दाटीवाटीनं. साहेबानं आधी पुरुषांचे हात मोजले. वरच्या आळीचे बहुतेक म्हातारे विहिरीला आणि तरणी पोरं तालमीला, असं निम्मं-निम्मं झालं. साहेब म्हणाला, "आता भगिनींनी सांगायचं. त्या म्हणतील तसं होईल."

मामंजी पुढं बसले होते. गावात त्यांचा शब्द मोठा, आणि तो त्यांनी वाईट वागून कमावलेला नव्हता. टंचाईच्या साली स्वतः शेवटी जेवायचे. मला माझ्या बापाहून जास्त मायेनं "पोरी" म्हणायचे. पण तरुणपणी ते कुस्त्या खेळलेले, आणि पडकी तालीम बघितली की त्यांचा जीव तुटायचा. पोरांना त्यांनी शब्द दिलेला होता.

साहेब म्हणाला, "तालमीला पैसा द्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

आणि मामंजी उठले नि मागं वळून ओसरीकडं बघू लागले.

झालं! सासरा समोर उभा आणि आपलं डोकं उघडं? त्यांच्या नात्यानं गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या सुना-पुतणसुना लागायच्या, आणि उरलेल्यांना ते वडीलधारे. एकीनं पदर पुढं ओढला, शेजारणीनं ओढला, आणि वारं सुटल्यागत ओसरीभर हात डोक्याकडं गेले. जाऊबाईचा गेला. माझाही गेला. विचार करून कुणी पदर ओढतं का? तो हात आपला आपणच जातो.

साहेबाचा चेहरा उजळला. तो बोटानं मोजत सुटला.

"आवं सायेब, त्यो पदुर हाय पदुर!" आमच्यातली एक म्हातारी ओरडली. ती गावचीच लेक, माहेरी येऊन राहिलेली, तिला कुणाचा पडदा नव्हता. पुरुषांमध्ये असा हशा पिकला की देवळातली वटवाघळं उडाली. त्या हशात पुण्याच्या साहेबाला काही उमगलं नाही. त्यानं मामंजींना विचारलं, "काय म्हणतात आजी?"

मामंजींना कळलं होतं. मला शपथेवर सांगता येईल. त्यांनी एकदा आमच्याकडं बघितलं, मग तालमीच्या पोरांकडं बघितलं, आणि म्हणाले, "काय न्हाई सायेब. तालमीलाच हात हाईत."

साहेबानं मग रीतीप्रमाणं विहिरीचंही विचारलं. मामंजी तसेच उभे होते. ते तसं बोलल्यावर हात वर करायचा म्हणजे सासऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं. एक हात उठला नाही. नुसत्या माना खाली. माझी ही तलवारीसारखी जीभ, माहेरी सगळे नावं ठेवायचे तिला, ती टाळूला चिकटून बसली. शेजारी जाऊबाईनं पदर इतका पुढं ओढला होता की तिचं तोंडच दिसत नव्हतं.

साहेबानं जाता जाता आमचं कौतुक केलं. आपली मुलं बलवान व्हावीत अशी माउलींची इच्छा आहे, म्हणाला. देवा रे देवा!

संध्याकाळी आमचे हे हसत घरात आले. "बाया बी तालमीच्याच बाजूनं!" म्हणाले. मी चुलीपुढून उठले ती फुंकणी हातात घेऊनच. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक नाही होय ते हात कसले होते?"

"मग हात खालीच ठेवायचा हुता."

"आणि पदर? तो काय तुम्ही येऊन ओढणार होता?"

हसणं थांबलं त्यांचं. मी म्हटलं, मामंजींना सांगा, अजून वेळ आहे, साहेबाला निरोप धाडा. "तुमच्या वैनीची अवस्था दिसत नाही का तुम्हाला?" तर ते खाली बघत म्हणाले, "आबांफुडं म्या बोलू?" एवढा अंगानं दांडगा गडी, पण बापासमोर त्याचाही पदर पुढंच होता म्हणायचा. आतल्या खोलीत जाऊबाई दाणे निवडत होती. तिनं सगळं ऐकलं आणि सूप जवळ ओढलं. मला मामंजींची लाज वाटत होती, ह्यांची वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त माझ्या त्या हाताची. रात्री जेवायला बसले तर त्याच हातानं घास उचलवेना.

दिवाळी झाल्यावर तालमीचं काम निघालं. दगड माळावरचा, माती शेतातली, अंगमेहनत गावाची. गवंडी बाहेरगावचा. त्यानं पहिल्याच सकाळी सांगितलं की चिखल कालवायला आणि चुना भिजवायला पाणी लागंल, भरपूर लागंल. पाणी कुठलं? नदीचं. आणायचं कुणी? पंचांनी घराघराला पाळ्या लावून दिल्या, आणि पहिली पाळी मोठेपणानं मामंजींनी स्वतःच्याच घरावर घेतली.

तेव्हा जाऊबाईचे दिवस भरत आले होते. मामंजी निरोप घेऊन दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. आम्ही दोघी रिकाम्या घागरी घासत होतो. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "तालमीवर पानी लागतंय. धाकली आन् तुमची सासू जातील. थोरलीला ऱ्हाऊ दे."

जाऊबाई उठली. त्या घरात आल्यापासून ती सासऱ्यांशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. जे सांगायचं ते सासूबाईंच्या मार्फत. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, तीवर घागर ठेवली आणि सरळ त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"का वं मामंजी?" ती म्हणाली. "म्या बी मत दिलंय न्हवं?"

मामंजी दारातून बाजूला झाले. ती त्यांच्या अंगावरून बाहेर पडली आणि नदीच्या वाटेला लागली, एक हात घागरीला, दुसरा पोटाला. मी माझी घागर उचलली आणि तिच्या मागं पळाले.