उपडा ठेवलेला बीकर

बातमी आली तेव्हा मी परळीजवळच्या एका शिवारात विहिरीचं पाणी तपासणीसाठी बाटलीत भरत होते. विभागाच्या ग्रुपवर एकच ओळ होती, 'नलिनी मॅडम पहाटे गेल्या.' मी फोन पिशवीत टाकला, बाटलीला बूच लावलं, चिठ्ठीवर विहिरीच्या मालकाचं नाव लिहिलं आणि पुढच्या विहिरीकडे चालू लागले. बीडला परतल्यावर बघते तर एकाही बाटलीवर तारीख नव्हती. बिनतारखेचं पाणी मॅडमनी सरळ ओतायला लावलं असतं. मी ते ओतलं, आणि मग बेसिनपाशीच रडले.

बीडच्या आमच्या संशोधन केंद्रात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, पण विद्यापीठात त्यांचं नाव झालं ते 'सोबत' या उपक्रमामुळे. ऊसतोडीला जाणाऱ्या, मेंढरं राखणाऱ्या घरांतल्या मुली शोधून त्यांना संशोधनात आणायचं आणि प्रत्येकीला एक थोरली मुलगी जोडून द्यायची, एवढाच तो. मी शिरूर कासारकडची, पहिल्या तुकडीतली. निवडीचं पत्र तीनदा वाचलं, तरी आपल्याला नेमकं कशाला बोलावलंय ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. रोज सगळ्यांच्या आधी यायचे, प्रयोगशाळा झाडायचे आणि आदल्या दिवशीची सगळ्यांची काचेची भांडी घासून ठेवायचे. मला कोणी अडवलं नाही. घासलेली भांडी कोणाला नको असतात? तिसऱ्या आठवड्यात एकदा मॅडम लवकर आल्या.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. मला वाटलं, माझं कामच हे हाय."

त्यांनी पदर खोचला, माझ्या हातातला ब्रश घेतला आणि उरलेली भांडी स्वतः घासली. त्या दिवसापासून ज्याचं भांडं त्यानं धुवायचं, असा नियम झाला आणि त्यात त्याही आल्या. दोन सीनियर मुलांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली होती. खोटं कशाला बोलू, ते आठवून मला अजून बरं वाटतं.

दसरा झाला की आमच्या गावातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. त्या वर्षी आई मला सोबत न्यायलाच बीडला आली. "लेकीला एकटी कशी ठिवू, मॅडम?" मॅडमनी वाद घातला नाही. आईला स्टुलावर बसवलं, ब्युरेटची, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "एकेक थेंब सोडा. पाणी गुलाबी झालं की थांबायचं." आईनं पहिल्याच खेपेला अचूक थांबवलं. मला ते जमायला महिना लागला होता. "शेळीची धार काढायला बी असाच हात लागतो," ती म्हणाली. मग बराच वेळ त्या गुलाबी पाण्याकडे बघत बसली आणि उठताना म्हणाली, "लई बारीक काम हाय. राहू द्या हिला." आई गेल्यावर मॅडमनी मला बजावलं, "आईचा हात काही तुला आलेला नाही, तेव्हा कष्ट कर." मी राहिले, पीएच.डी. केली, तिथेच शिकवायला लागले.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. आजारानं खंगल्या होत्या, पण पुढ्यात यंदाच्या मुलींचे अर्ज होते. एकीला त्यांनी पत्रही पाठवलं होतं. "बाकीच्यांना भेटायला शिरूरला तू जा," म्हणाल्या. "आणि इथून पुढचंही तूच बघ." मी म्हणाले, "या वर्षी नको मॅडम, माझा शोधनिबंध अडकलाय. पुढच्या वर्षी नक्की." त्या "बरं" म्हणाल्या, आणि चहा गार होतोय म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्यापाशी पुढचं वर्ष नाही हे मला दिसत होतं... मी बघितलं नाही. आठ दिवसांत त्या गेल्या. नंतर विभागप्रमुख बैठकीत म्हणाले की, घेणारं कोणी नसेल तर 'सोबत' बंद करू. मी तेव्हाही मान खाली घालून बसले.

प्रयोगशाळेत त्या शेवटचं आल्या होत्या, त्या दिवशी त्यांनी धुतलेला बीकर बेसिनशेजारच्या फडक्यावर उपडा होता. तो कोणी हलवला नाही. आम्ही सगळे त्याला सांभाळून आपापली भांडी धुवायचो. गेल्या सोमवारी सकाळी आले, तर बेसिनपाशी एक अनोळखी मुलगी उभी. मॅडमनी पत्र पाठवलेली तीच. फडकं रिकामं होतं.

"इथला बीकर कुठाय?"

"धुवून फळीवर ठिवला की, मॅडम. लई धूळ बसलती."

"हे कोणी सांगितलं तुला?" मी रागानंच विचारलं.

"कुणी न्हाई. वाटलं, आपलंच काम हाय."

फळीवर वीसेक बीकर ओळीनं मांडलेले, सगळे सारखे, एकावरही खूण नाही. मी एकेक उचलून उजेडात धरला. मॅडमचा कोणता, ते कळेना. ती मुलगी घाबरून बघत होती. बेसिनमध्ये अजून चार भांडी होती. मी पदर खोचला, तिच्या हातातला ब्रश घेतला...

दुपारी विभागप्रमुखांना सांगितलं, शिरूरला मी जाते. मॅडमना सांगायचं मात्र राहून गेलं, आणि ते आता राहिलंच. रोज संध्याकाळी मी फळीवरून हाताला येईल तो बीकर घेते, काम झालं की धुते, फडक्यावर उपडा ठेवते. हाच त्यांचा असेल, असं रोज वाटतं.