विमानाला एक जास्तीचा पाटा

वणीच्या बायपासवर माझं ट्रकच्या चाकांवर बसणाऱ्या कमानपाट्यांचं दुकान आहे. कोळशाचा ट्रक आला की ड्रायव्हर सांगतो, "भाऊ, एक पाटा जास्तीचा टाका." मी टाकतो. मोडायची भीती वाटली की लोखंड वाढवायचं, एवढीच माझी विद्या. त्याच विद्येवर गेल्या हिवाळ्यात मी एक विमान पाडलं.

झालं असं, की विमानांच्या एका संग्रहालयाची माणसं मुलीच्या शाळेत आली. आठवीच्या पोरांना हलक्या लाकडाच्या पट्ट्या वाटल्या. घरी ग्लायडर बनवा, शनिवारी मैदानावर उडवा म्हणाले. त्यातल्या दोघांना आठ दिवस संग्रहालयात शिबिराला नेणार होते. माझी पोरगी तेव्हापासून ताटावरसुद्धा शिबिराचंच बोलायची.

शुक्रवारी ती ट्यूशनला गेल्यावर मी तिचं ग्लायडर पाहिलं. पंख पापडासारखे! बापाचा जीव राहवेना. पंखांखाली पत्र्याची पट्टी चिकटवली, नाकावर ट्रकचे पोचे बुजवायची लांबी थापली आणि खोक्यात बांधून ठेवलं.

मैदानावर नंबर पुकारल्यावर तिनं खोकं उघडलं.

"बाबा, हे एवढं जड काहून झालं?"

"मजबूत केलं ना बेटा. आता आपटलं तरी काही होत नाही."

"आपटाचं नाही बाबा, उडवाचं हाये!"

तिनं फेकलं. ते हेडसरांच्या बुटापुढे मातीत रुतलं.

"पाहा, काही मोडलं का?" मी बायकोला म्हणालो.

"चूप बसा. पोरगी रडून राह्यली."

संग्रहालयाच्या मॅडम तिच्याजवळ आल्या. "का पडलं, सांगशील?"

पोरीनं नाक पुसलं आणि सुरू झाली. नाक जड म्हणून तोंड खाली गेलं. डाव्या पंखाला पट्टी लांब, म्हणून कलंडलं. लांबी खरबरीत, म्हणून वारा अडला. एकेक चूक बोट ठेवून दाखवली.

"हे कोणी केलं?"

"बाबांनी. ते ट्रकचं काम करतात."

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. मी लेस बांधायला खाली वाकलो. पायात चपला होत्या.

शेवटी नावं वाचली, त्यात दुसरं तिचं. मॅडम म्हणाल्या, "लांब उडवणारे पुष्कळ होते. कशानं पडलं हे सांगणारी ही एकटीच."

परतताना मी हळूच म्हटलं, "म्हणजे माझी मदत झालीच की."

पोरीनं वळून पाहिलं. "बाबा, शिबिराची बॅग मी भरीन. तुम्ही हात नका लावजा."