पंधरा मिनिटांचा अलार्म

आमची सिग्नल डिटॅचमेंट तेव्हा एका बर्फाळ पोस्टवर होती. मी हवालदार. खालच्या रिले पोस्टवर लान्स नायक भागवत, आमच्याच बीड जिल्ह्यातला, घाटनांदूरचा. दोन्हींमध्ये वायरलेस अ‍ॅक्सेस पॉइंटची लिंक. जनरेटर बदलला की लिंक क्षणभर जायची आणि माझ्या बंकरमध्ये अलार्म बोंबलायचा.

"हवालदारसाब, परळीच्या थर्मलचा भोंगा बरा," भागवत रेडिओवर हसायचा. "त्यो निदान शिफ्टलाच वाजतो."

"गप बे. करतो बंदोबस्त."

केला. लिंक सलग पंधरा मिनिटं बंद राहिली तरच अलार्म, असं सेटिंग ठेवलं. इव्हेंट लॉगमधून किरकोळ इशारे काढले. फक्त 'क्रिटिकल' ठेवले. कुणाला विचारलं नाही. झोप मात्र छान लागायला लागली.

एका दुपारी भागवतचा जोडीदार रेशन न्यायला वर आला होता. खाली अँटेनावर बर्फ साचला. सिग्नल कमजोर झाल्याचा इशारा मला आलाच नाही, नाहीतर जोडीदार परत येईपर्यंत त्याला थांबवला असता. भागवत एकटाच बर्फ झाडायला बाहेर पडला आणि वरून बर्फाचा कडा सुटला. लिंक तुटली. मी चहा पीत होतो.

पंधरा मिनिटांनी अलार्म वाजला.

"ब्राव्हो, अल्फा बोल रहा हूँ. ओव्हर."

काही नाही.

"ब्राव्हो, जवाब दो. ओव्हर."

शोध पार्टी खाली पोचली तेव्हा उशीर झाला होता. अहवालात 'खराब हवामान' लिहिलं गेलं. खोटं नव्हतं. सेटिंगबद्दल कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

आता रिटायर होऊन मी अंबाजोगाईकडं वाय-फायची कामं करतो. गेल्या महिन्यात भागवतच्या पत्नीचा, सुनंदावहिनींचा, फोन आला. घाटनांदुरात त्यांनी मुलींसाठी अभ्यासिका काढलीय. तिथं अ‍ॅक्सेस पॉइंट बसवला. सगळे अलार्म चालू, उशीर शून्य. लॉग वेगळ्या कॉम्प्युटरवर, बारीकसारीक इशाऱ्यांसकट. तेवढ्यात लाइट गेली, आली. अलार्म वाजलाच.

"भावजी, हे कावून सारखं वाजतंय? पोरी हसायल्यात. जरा कमी करा की."

मी स्टुलावरून उतरलो आणि सगळं सांगितलं. उभ्यानंच.

वहिनींनी एक खुर्ची माझ्यापुढं ओढली. मग म्हणाल्या, "दर दिवाळीला येता अन् चहा न घेता जाता. मला वाटायचं, आमचा चहा आवडत न्हाई तुमाला."

मी मान खाली घातली.

"बसा. आज घेऊनच जायचं. अन् ते वाजू द्या."

यंत्राला नाव द्यायचं राहिलं होतं. कीबोर्ड त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी एका बोटानं टाइप केलं. लॉगमध्ये नवी ओळ उमटली: 'भागवत – लिंक चालू.'

चहा लई गोड होता. दुसरा कप मागून घेतला.