मधल्या टेबलाचे साडभाऊ

जगातली यच्चयावत भांडणं, काडीमोड, कोर्टकज्जे आणि दोन-तीन लढाया केवळ एक टेबल कमी पडल्यामुळे झाल्या, असं ठामपणे मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. टेबल म्हणजे चार पायांचं नव्हे. साडभाऊ नागपुरात हुडकेश्वरला राहतात, घरीच बसून पीएचपी नावाच्या भाषेत सॉफ्टवेअर लिहितात, आणि त्या धंद्यात माहितीचे रकाने आखलेल्या तक्त्याला टेबल म्हणतात. पीएचपी आता मेली, असं त्यांना निदान पाच वेळा सांगण्यात आलं आहे. सांगणारी तरणी पोरं तावातावाने सांगतात. साडभाऊ ती बातमी शांतपणे ऐकून घेतात, ‘सुटली बिचारी’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भाषेत नव्या दवाखान्याचं काम घेतात.

दवाखाने म्हणजे धंतोली या डॉक्टरांच्याच वस्तीतले. तिथल्या एका दवाखान्यात पेशंटच्या नोंदीत ‘डॉक्टर’ असा एकच रकाना होता. आता गोंदियाहून गुडघा दाखवायला आलेला माणूस काय एका डॉक्टरवर थांबतो? गुडघेवाला त्याला साखरवाल्याकडे धाडतो, साखरवाला डोळेवाल्याकडे, डोळेवाला म्हणतो एकदा हृदय बघून घ्या. तेव्हा त्या एका रकान्यात पाच-पाच डॉक्टरांची नावं कोंबलेली. साडभाऊंनी तो रकाना पाहिला आणि ते घामाघूम झाले. ‘एका खान्यात पाच डॉक्टर? धर्मशाळा आहे का हे?’ मग त्यांनी दवाखान्याच्या मालक डॉक्टरांना बसवून आपला सिद्धांत सांगितला. एका पेशंटचे अनेक डॉक्टर, एका डॉक्टरचे अनेक पेशंट. असलं नातं पेशंटच्या टेबलात मावत नाही, डॉक्टरच्या टेबलातही मावत नाही. त्याला तिसरं, मधलं टेबल लागतं. त्यात एका ओळीत एवढंच लिहायचं, की हा पेशंट आणि तो डॉक्टर. नातं संपलं तर ओळ पुसायची, माणसांना धक्का लावायचा नाही. डॉक्टर म्हणाले, ‘पण पेशंट माझे आहेत ना?’ साडभाऊ म्हणाले, ‘नाही साहेब. पेशंट तुमचे नाहीत आन् तुमी पेशंटचे नाही. तुमचं जे काही आहे ते मधल्या टेबलात आहे.’ डॉक्टरांनी ताबडतोब त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं. ते अगदी व्यवस्थित निघालं. डॉक्टरांचं कुणी तपासलं नाही.

हे मधलं टेबल साडभाऊ स्वतःच्या हाताने चालवत नाहीत. त्यासाठी त्यांनी ओआरएम नावाचा एक मध्यस्थ ठेवला आहे. तोही सॉफ्टवेअरच, पण साडभाऊ त्याच्याविषयी घरच्या जुन्या, विश्वासू दिवाणजीविषयी बोलावं तसं बोलतात. आपण पीएचपीत म्हणायचं, ‘या पेशंटचे डॉक्टर आण.’ की तो डेटाबेसच्या माजघरात जातो, तिन्ही टेबलं धुंडाळतो आणि पाचही डॉक्टरांना हाताला धरून ओसरीवर आणून बसवतो. त्याला तीन हुकूम कळतात. अटॅच म्हटलं की आहे ते ठेवून नवं नातं जोडतो. डिटॅच म्हटलं की तोडतो. आणि सिंक म्हटलं की (इथे साडभाऊ आवाज खाली आणतात) आपण देऊ तेवढीच यादी खरी मानतो आणि बाकीचं सगळं तोडून टाकतो. ‘सिंक म्हणजे खाष्ट सासू आहे बावा. तिच्या यादीत नाव नसलं का तुमी घराबाहेर.’

अटॅच त्या मानाने भोळा. इतका भोळा, की एकच गोष्ट दोनदा सांगितली तर दोनदा जोडून मोकळा होतो. हे आम्हाला त्यांच्या गल्लीतल्या कुत्र्यामुळे कळलं. ते कुत्रं सात घरी सात नावांनी ओळखलं जायचं आणि कुणी कोणत्या वारी पोळी घालायची याचा कायमचा घोळ होता. साडभाऊंनी घरं आणि वार यांचं मधलं टेबल केलं, ओआरएमला हुकूम दिला, आणि जतन करताना त्यांच्या हातून माऊस दोनदा वाजला. प्रत्येक घराचा वार दोनदा लागला. माणसं शिस्तीची, रोज मोबाइलवर दोनदा सूचना येई आणि रोज दोनदा पोळ्या पडत. सहा महिन्यांत ते कुत्रं इतकं रुंद झालं की दूधवाला स्कूटर वळवून मागच्या गल्लीने यायला लागला आणि रस्ता मोजायला आलेला एक माणूस नकाशावर त्याची खूण करून गेला. साडभाऊंनी दोष पत्करला. ‘कुत्र्याचं काही चुकलं नाही. आधीच जोडलं आहे का, हे विचारायचं माझं राहिलं.’

असा माणूस नातेवाइकांना मोकळं सोडणं शक्यच नव्हतं. त्यांनी आमच्या अख्ख्या गोतावळ्याचा एक प्रोग्राम लिहिला. प्रत्येक माणसाची एक नोंद आणि नात्यांचं मधलं टेबल. लग्नकार्यात ते माझी ओळख करून देत, ‘हे माझे साडभाऊ. थेट काही नाही, दोन नोंदी ओलांडून लागतात.’ त्या दोन नोंदी म्हणजे आमच्या दोघांच्या बायका, सख्ख्या बहिणी. त्यांची बायको थोरली. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. पंगतीत साडभाऊ सिद्धांत सांगू लागले की ताई समोरून म्हणायची, ‘अवं, जेवा ना आधी. भात काही डिटॅच होऊन नाही राहिला.’ तीन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या दुखण्याने ताई गेली. साडभाऊंचं बोलणं काही कमी झालं नाही. फक्त ताई जिथे अडवायची तिथे ते आपणहून थांबत, भाताचा एक घास घेत, आणि पुढे बोलू लागत.

ताईचा आणि माझ्या बायकोचा थोरला भाऊ काटोलला असतो. संत्र्याचा बगीचा, भरघोस मिशा, आणि आवाज असा की हळू बोलले तरी झाडावरची फळं गळावीत. त्यांना सगळे दादा म्हणतात, आणि ते ताईला बाई म्हणत. ताई असताना साडभाऊ महिन्यातून एकदा तरी काटोलला जात. ती गेल्यावर जाणं बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं जाणं बंद झालं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या लेकीचं लग्न निघालं, आणि पाहुण्यांची व्यवस्था साडभाऊंनी माझ्या हातून हिसकावून घेतली. ‘तुमचा पाहुणा एक आन् कार्यक्रम चार. हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागत समारंभ. एका कार्यक्रमाले अनेक पाहुणे, एका पाहुण्याले अनेक कार्यक्रम. वहीत नाही मावत हे.’ पंधरा दिवस खपून त्यांनी सगळं बसवलं. त्यात एक सोय खास प्रेमाने केली होती: कुणाचं नाव जोडलं किंवा काढलं की त्या माणसाच्या मोबाइलवर आपोआप निरोप. ‘नातं तुटलं तर समोरच्याले कळवाच लागते. सभ्यता आहे ते.’

लग्नाला आठ दिवस राहिले असताना माझ्या बायकोच्या लक्षात आलं की काटोलची मंडळी स्वागत समारंभाच्या यादीत राहूनच गेली आहेत. ती म्हणाली, ‘भाऊजी, तेवढं जोडून द्या ना.’ साडभाऊ पोहे खात होते. एका हाताने पोहे, एका हाताने काम. जोडायचं म्हणजे अटॅच. साडभाऊंच्या बोटांनी सिंक लिहिलं, आणि यादीत दिला एकच कार्यक्रम, स्वागत समारंभ. ओआरएम दिवाणजींनी निमूटपणे बाकीचं तोडलं आणि निरोपही धाडले. काटोलात एकेचाळीस मोबाइल एकदम वाजले: ‘हळद, सीमांतपूजन व लग्न या कार्यक्रमांतून आपले नाव वगळण्यात आले आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

अर्ध्या मिनिटात दादांचा फोन आला. स्पीकर लावावा लागला नाही. ‘नवरीचा मामा वगळला तुमी? आन् वरतून क्षमस्व?’

आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामाच आणतो. मामा नाही तर मंडपात पोरगी येणार कशी, हा प्रश्न आहे. त्याला सॉफ्टवेअर नाही. बायकोने दादांची परोपरीने समजूत घातली. दादा म्हणाले, ‘माह्या मोबाइलमधी लिहून आलं आहे. मी लिहिल्याच्या बाहेर जात नाही,’ आणि फोन ठेवला. बायको डोळ्याला पदर लावून बसली. साडभाऊ म्हणाले, ‘एका मिनिटात पुन्हा अटॅच करतो. निरोप जाईल, आपले नाव पूर्ववत जोडण्यात आले आहे.’ बायको म्हणाली, ‘भाऊजी, आता एकबी मेसेज गेला ना, तर तुमचं थे यंत्र मी अंबाझरी तलावात बुडवीन. जा काटोलले. दोघंबी जा. मामा घेऊनच या.’

ताटात अक्षता, कुंकू लावलेली पत्रिका आणि मांडीवर ते ताट धरून साडभाऊ, असे आम्ही माझ्या गाडीतून निघालो. एरवी नागपूर ते काटोल म्हणजे साडभाऊंचे तीन सिद्धांत आणि चौथ्याची प्रस्तावना. त्या दिवशी एकही नाही. दादांच्या फाटकाशी गाडी थांबवली तर म्हणाले, ‘तुमी जा. मी बसतो गाडीत.’

‘काहून?’

का, ते त्यांनी सांगायच्या आत बनियन आणि खांद्यावर दुपट्टा अशा वेशात दादाच फाटकात आले. ‘या! वगळलेल्या मानसाच्या घरी या!’

साडभाऊ उतरले आणि ताट हातात धरून भर उन्हात त्यांनी दादांना अटॅच आणि सिंक यांतला फरक सांगितला. चांगली दहा मिनिटं सांगितला. फवारणीच्या औषधाचा एजंट बोलत असताना ऐकावं तसं दादांनी ते सगळं मिशी न हलवता ऐकलं.

‘म्हंजे यंत्राची चूक नाही.’

‘नाही.’

‘तुमची.’

‘माझी.’

‘बरं. मेसेजचं मिटलं,’ दादा म्हणाले. ‘आता हे सांगा जवाई. तीन वरसं झाले, तुमी आले नाही. थेबी सिंकनंच का?’

साडभाऊ ताटातल्या अक्षतांकडे बघत म्हणाले, ‘दादा, एका बाजूचं माणूस गेलं का मधल्या टेबलातल्या त्याच्या साऱ्या ओळी जातात. नियम आहे. तिच्यावरून मी ह्या घरचा होतो. तेच नाही राहिली, तर मी कोणत्या ओळीवरून येऊ?’ हे त्यांनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं, डॉक्टरांना सांगतात तशाच.

दादांनी दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

‘तुमच्या थ्या प्रोग्रामात सारं खानदान हाय म्हनते. त्यातून बाईचं नाव काढलं का तुमी?’

‘नाही.’

‘काहून?’

‘काढाले बसलो होतो. हात नाही चालला. बाजूच्या रकान्यात तारीख टाकली नुसती. नोंद तशीच आहे.’

‘नोंद हाय.’

‘आहे.’

‘मंग ओळ कशी गेली?’

धंतोलीतल्या डॉक्टरांना निरुत्तर करणारा हा माणूस. त्यांनी ताटातल्या अक्षता बोटाने सारख्या केल्या. मग ते म्हणाले, ‘नाही गेली, दादा.’

‘मंग चाला घरात. उन्हात काहून उभे ठेवले मानसाले?’ हे मला उद्देशून. मी उभं ठेवलं होतं म्हणे.

दादांनी पत्रिका घेतली, अक्षता घेतल्या, आणि आम्हाला इतकी संत्री खाऊ घातली की परतीच्या प्रवासात मला स्वतःचा रंग बदलल्याचा भास होत होता. पण त्याआधी ते पायात चपला सरकवून आमच्यासोबत काटोलातली उरलेली चाळीस घरं फिरले. प्रत्येक दारात साडभाऊंच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य: ‘यंत्र चांगलं हाय. आपला जवाई चुकला.’ साडभाऊ प्रत्येक दारात मान हलवत. आपली चूक चाळीस वेळा ऐकून एवढा खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

लग्न झालं. मामांनी फेटा बांधून भाचीला बोहल्यावर आणलं, आणि आवाज असा लावला की भटजींना मंगलाष्टकं वरच्या पट्टीत घ्यावी लागली. नंतर फोटो सुरू झाले. माईकवरून बोलावणं होत होतं, आत्या-आतोबा या, काका-काकू या. मग ‘मावशी-मावसाजी या’ झालं. साडभाऊ खुर्चीतून उठले नाहीत. खिशातला मोबाइल काढून काहीतरी फार महत्त्वाचं वाचू लागले. दादा व्यासपीठावरून खाली आले, काही न बोलता त्यांचा हात धरून त्यांना वर घेऊन गेले, नवरीच्या बाजूला उभं केलं, आणि आपण एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून त्यांच्याच बाजूला उभे राहिले.

फोटोग्राफर म्हणाला, ‘काकाजी, थोडे जवळ सरका ना. मधात जागा खाली दिसून राहिली.’

‘दिसू दे,’ दादा म्हणाले. ‘बाईची हाय थे.’

त्याने कॅमेऱ्यातून पुन्हा एकदा पाहिलं. मग दोन पावलं मागे सरला, दोघांच्या मधली ती जागा नीट चौकटीत घेतली आणि फोटो काढला.